आबांच्या गालातली जखम : सीटी झाला, आता एमआरआय कशाला?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. वडील ६१ वर्षांचे, आम्ही त्यांना आबा म्हणतो. चाळीस वर्षं तंबाखू-चुना डाव्या गालात धरायची सवय. दिवाळीच्या सुमाराला जेवताना म्हणाले, "तिखट लई झोंबू लालंय." तोंड आलं असेल म्हणून आम्ही गोळ्या दिल्या, तूप लावलं, दोन महिने घालवले. ते दोन महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी गाल बाजूला करून पाहिलं आणि लगेच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तुकडा तपासला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तराचा कॅन्सर आला.

मग जवळच्या शहरात एका सेंटरवर सीटी काढला. रिपोर्टमध्ये लिहिलंय की डाव्या गालाच्या आतल्या बाजूला सुमारे ३ सेंमीची गाठ आहे, ती हिरडीपासून वेगळी दिसत नाही, खालच्या जबड्याचं हाड खरवडल्यासारखं वाटतं आणि जबड्याखाली एक गाठ आहे. सर्जननी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "हा गाल फुगवून काढलेला नाही. यावरून मी जबडा कापायचा की नाही हे ठरवू शकत नाही." आता परत सीटी काढायचाय आणि वर एमआरआय. इकडे दाजी म्हणतात, पेट स्कॅन करून टाका, एकदाच सगळं कळतं.

सोयाबीनचे आलेले पैसे हातात आहेत, तेही संपत चाललेत. मला खरंच समजून घ्यायचंय. कॅन्सर आहे हे तुकड्यानं सांगितलं. मग एवढे फोटो कशाला? आणि गाल फुगवायचा म्हणजे काय?

क्ष_किरण_नांदेड
दादा, मी सीटी-एमआरआयचा तंत्रज्ञ आहे, बारा वर्षं हेच काम करतो. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण ते माझ्या हातातलं काम आहे.

तोंड मिटलं की गालाचं आतलं अस्तर हिरडीला चिकटून बसतं. सीटीत दोन्ही एकाच राखाडी रंगाचे दिसतात, मध्ये रेषच दिसत नाही. मग गालातली गाठ हिरडीवर चढली आहे की नुसती टेकली आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. रेडिओलॉजिस्ट बिचारे "वेगळी दिसत नाही" एवढंच लिहू शकतात. रुग्णानं ओठ घट्ट मिटून फुग्यात फुंकल्यासारखा गाल फुगवून धरला की मध्ये हवा शिरते. हवा सीटीत काळीभोर दिसते, म्हणून गाल एका बाजूला आणि हिरडी दुसऱ्या बाजूला स्वच्छ वेगळी होते. दहा-पंधरा सेकंदांचं काम. त्याला वेगळं मशीन लागत नाही, वेगळे पैसे लागत नाहीत. फक्त रुग्णाला टेबलावर घेण्याआधी दोन मिनिटं समजवावं लागतं आणि एकदा करून घ्यावं लागतं. गर्दीत ते राहून जातं आणि रुग्णाला परत यावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या भागात गालफडाच्या कॅन्सरचे रुग्ण एवढे येतात की प्रत्येक सेंटरच्या भिंतीवर हे लिहून ठेवायला पाहिजे.

आबांना घरी सराव करायला लावा. नाकानं श्वास चालू, गाल फुगलेला, मान हलवायची नाही, गिळायचं नाही.

आणखी काही गोष्टी. डाय, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, द्यायची असेल तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून रिपोर्ट सोबत न्या. मधुमेहाच्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच सांगा. काढता येणारी कवळी घरूनच काढून ठेवा. दातात चांदी भरली असेल किंवा धातूची टोपी असेल तर सीटीत तिथून पांढरे पट्टे फुटतात आणि नेमकी गालाजवळची जागा झाकली जाते. अशा वेळी तोंड जरा उघडं ठेवून किंवा मशीनचा कोन बदलून आणखी एक फेरी घेता येते. तसं करा म्हणून सांगायला संकोच करू नका.

तेरणामाई
भाऊ, दोन महिन्यांचं मनाला लावून घेऊ नका. माझ्या मालकांच्या वेळी आम्ही पाच महिने घालवले. त्यांचं तोंडच उघडत नव्हतं, दोन बोटंसुद्धा जात नव्हती. सुपारी-गुटख्यानं आधीच गाल आतून ताठ झाले होते. गुटख्यावर २०१२ मध्ये राज्यात बंदी आली, पण आमच्या गावात पुड्या कधी बंद झाल्या नाहीत.

आम्ही धाराशिवकडचे, म्हणून बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मला एक वाक्य सांगितलं होतं. ज्याचं तोंड उघडत नाही त्याच्या तोंडात आम्ही बोटानं चाचपू शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी स्कॅन हेच आमचं बोट. तुमच्या आबांचं तोंड किती उघडतं ते पाहून ठेवा आणि रेडिओलॉजीच्या चिठ्ठीवर लिहायला लावा.

दौलताबादी
मी छत्रपती संभाजीनगरमध्ये रेडिओलॉजिस्ट आहे. आबांचे रिपोर्ट न पाहता त्यांच्याबद्दल निदान करणार नाही, पण मांजराकाठ यांनी मूळ प्रश्न विचारलाय त्याला सविस्तर उत्तर दिलं पाहिजे.

तुकडा सांगतो की हा कॅन्सर आहे. तो कुठपर्यंत गेलाय हे तुकडा सांगत नाही. आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये सगळे निर्णय "कुठपर्यंत" यावरच होतात. म्हणून प्रत्येक स्कॅनमागे एक ठरलेला प्रश्न असावा लागतो. प्रश्न न ठरवता काढलेल्या स्कॅनमध्ये पैसेही जातात आणि दिवसही.

पहिला प्रश्न हाडाचा. जबड्याच्या हाडाचं बाहेरचं कवच किती शाबूत आहे ते सीटी फार चांगलं दाखवतो, त्यासाठी त्याच्या पातळ चकत्या हाडाच्या सेटिंगवर पाहाव्या लागतात. कवचाच्या आतली मज्जा मात्र एमआरआय जास्त चांगली दाखवतो. मज्जेत चरबी असते, ती एका प्रकारच्या चित्रात पांढरी दिसते, आणि कॅन्सर शिरला की तिथलं पांढरं जाऊन करडं येतं. आता हा फरक एवढा महत्त्वाचा का? गाठ हाडाला टेकली असेल किंवा वरवर खरवडलं असेल तर जबड्याची वरची कड कापून खालची कमान राखता येते. मज्जेपर्यंत गेली असेल तर हाडाचा आख्खा तुकडा काढावा लागतो आणि बहुधा पायाचं फिब्युला हाड आणून तिथे बसवावं लागतं. दोन्ही ऑपरेशनं वेगळी, खर्च वेगळा, नंतरचं जेवण आणि बोलणंही वेगळं.

इथे एक सावधगिरी हवी. किडलेल्या दाताची सूज किंवा नुकताच काढलेला दात यामुळेही एमआरआयमध्ये मज्जा करडी दिसते आणि कॅन्सर शिरलाय असं वाटू शकतं. मांजराकाठ, आबांचा त्या बाजूचा दात अलीकडे काढला असेल तर तारखेसकट सांगा.

दुसरा प्रश्न खोलीचा. कॅन्सरचा टप्पा ठरवणाऱ्या, २०१८ पासून वापरात असलेल्या आठव्या टीएनएम वर्गीकरणात तोंडाच्या कॅन्सरची नुसती लांबी मोजत नाहीत, तो अस्तराच्या पातळीपासून किती मिलिमीटर खाली उतरलाय तेही मोजतात. ५ मिमी आणि १० मिमी या त्यातल्या पायऱ्या. बाहेरून रुपयाएवढी दिसणारी जखम खाली १२ मिमी गेली असेल तर ती टी-३, म्हणजे पुढच्या पायरीची गाठ धरली जाते. ही खोली एमआरआयवर मोजता येते, मात्र सूजही त्यात धरली जात असल्यानं प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्त भरते.

तिसरा प्रश्न मागचा. गालाच्या मागे अक्कलदाढेच्या पलीकडे चावण्याचे स्नायू आहेत. तोंड उघडेनासं झालं तर कॅन्सर त्या स्नायूंत शिरला असण्याची शंका येते, जरी सुपारीमुळे आलेला ताठरपणाही तसाच दिसतो. तेरणामाईंच्या मालकांच्या वेळी हीच अडचण असणार. जबड्याच्या वरच्या टोकाला एक खाच असते. रोग त्या खाचेच्या खाली असेल तर आता अनेक ठिकाणी सर्जन तो काढू शकतात. खाचेच्या वर, कवटीच्या तळाकडे सरकला असेल तर पूर्ण निघणं फार अवघड होतं. ही सीमा एमआरआयमध्ये स्पष्ट दिसते. नसेच्या आवरणातून कॅन्सर वर चढतो, तेही त्यातच दिसतं.

सेलूची_लेक
डॉक्टर, माझ्या आईला मिसरी लावायची सवय होती. तिच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये "डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन" आणि "एडीसी कमी" असं लिहिलंय. आम्हाला कोणी समजावून सांगितलं नाही. घाबरायचं का?

दौलताबादी
ताई, त्या शब्दांनी वेगळं घाबरू नका. शरीरातलं पाणी सतत इकडेतिकडे हलत असतं. मोकळ्या रानात माणूस सरळ चालत जातो, जत्रेच्या गर्दीत पाऊलभर सरकतो, तसंच हे. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीनं बसलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यामधल्या पाण्याला हलायला जागा कमी मिळते, यालाच डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन म्हणतात. एमआरआय हे हलणं मोजतो आणि त्याचा जो आकडा निघतो तो एडीसी. आकडा कमी म्हणजे तिथे पेशींची दाटी जास्त.

याचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक, गाठ कोणत्या जातीची असेल याचा अंदाज येतो. लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, दाटी फारच जास्त असते म्हणून त्याचा एडीसी तोंडाच्या नेहमीच्या कॅन्सरपेक्षाही खाली असतो. साध्या गाठींचा बहुधा वर असतो. पण आकडे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तुकड्याची जागा हा आकडा घेऊ शकत नाही. दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. लाईट, म्हणजे रेडिएशन दिल्यानंतर मान आणि घसा सुजलेला, कडक झालेला असतो, आणि त्या सुजेत कॅन्सर उरलाय की नाही हे साध्या चित्रात कळत नाही. सुजेत पाणी मोकळं हलतं, उरलेल्या कॅन्सरमध्ये हलत नाही. अशा वेळी आधीचा एडीसी आणि नंतरचा एडीसी शेजारी ठेवून पाहिला तर बरंच उलगडतं. म्हणून उपचाराआधीची सीडी फेकू नका, घरी गाठोड्यात का होईना, जपून ठेवा. कागदी फिल्मवर हे आकडे मोजता येत नाहीत, सीडी लागतेच.

मांजराकाठ
डॉक्टर, इतकं कोणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. हो, खालची दाढ दीड महिन्यापूर्वी काढली होती. दात दुखतोय म्हणून गावातच काढली, तेव्हा जखमेचं कोणाच्या लक्षात आलं नाही. हे मी सर्जनना सांगितलंच नव्हतं. उद्या फोन करतो.

आणि पेटचं काय? दाजी रोज विचारतात.

क्ष_किरण_नांदेड
पेटबद्दल मी तयारीपुरतं सांगतो, बाकी डॉक्टर सांगतील. पेटमध्ये साखरेसारखं औषध शिरेतून देतात, त्याला एफडीजी म्हणतात. त्यात फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी पदार्थ जोडलेला असतो, तो दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. सायक्लोट्रॉन नावाच्या मशीनमध्ये तयार करून गाडीनं आणतात, वाटेतच विरत असतं. म्हणून त्यांनी दिलेली वेळ पाळा, एक तास उशीर म्हणजे तुमचा डोस बराच कमी झालेला असतो.

चार ते सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं. रक्तातली साखर जास्त असेल तर स्कॅन पुढे ढकलतात, कारण शरीरातली साखर आणि हे औषध एकाच दारानं आत जातात. आणि मान-तोंडाच्या रुग्णांसाठी एक खास गोष्ट. इंजेक्शननंतर सुमारे तासभर बोलायचं नाही, काही चघळायचं नाही. बोलल्यावर स्वरयंत्राचे आणि चावल्यावर जबड्याचे स्नायू साखर ओढतात आणि नेमके तिथेच दिवे लागतात. नातेवाईक प्रेमानं रुग्णाजवळ बसून गप्पा मारतात, ते तेवढा वेळ टाळा.

दौलताबादी
दाजींचा हेतू चांगला आहे, पण "एकदाच सगळं कळतं" हे खरं नाही. पेट साखर खाणाऱ्या जागा दाखवतो. कॅन्सर साखर खातो, तशी सूजही खाते आणि टीबीही खातो. आपल्या भागात गंडमाळ, म्हणजे मानेच्या गाठींचा टीबी असलेली माणसं कमी नाहीत. पेटमध्ये उजळलेल्या मानेच्या गाठीला थेट कॅन्सर समजलं आणि सुईच्या तपासणीत टीबी निघाला, असं मी पाहिलं आहे. उलटही होतं. काही मिलिमीटरचा कॅन्सर पेटला दिसतच नाही. आणि जबड्याच्या मज्जेचा, खोलीचा, त्या खाचेचा जो बारीक प्रश्न सर्जनपुढे आहे, त्याला पेटचं चित्र फार भरड पडतं.

मग पेट कधी? रोग बराच पुढे गेलेला असेल आणि फुफ्फुसात वगैरे पसरलाय का पाहायचं असेल तेव्हा. मानेत कॅन्सरची गाठ आहे पण मूळ कुठे आहे तेच सापडत नाही तेव्हा. आणि किमो-लाईटचा उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी. या शेवटच्या वापराला भक्कम आधार आहे. ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांवर झालेला पेट-नेक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात मानेचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे केलं, दुसऱ्या गटात १२ आठवड्यांनी पेट पाहून गरज वाटली तरच केलं. दोन वर्षांनी जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं होतं, पण पहिल्या गटात २२१ ऑपरेशनं झाली आणि पेटवाल्या गटात फक्त ५४. मात्र १२ आठवडे न थांबता घाईनं सहाव्या आठवड्यात पेट काढला तर लाईटची सूजच उजळते आणि घरात उगाच रडारड होते.

आबांच्या बाबतीत ऑपरेशनचा विचार चालू आहे आणि मानेत एक छोटी गाठ आहे. सर्जननी मागितला नसेल तर पेटसाठी सोयाबीनचे पैसे घालवू नका. त्या गाठीसाठी सोनोग्राफीखाली सुई टाकून तपासणी हा स्वस्त आणि नेमका मार्ग आहे.

परळीकर_मास्तर
सुई टोचली की कॅन्सर चवताळतो, पसरतो असं आमच्याकडे सगळे म्हणतात. माझ्या चुलत भावानं याच भीतीनं सुई टोचू दिली नाही, सहा महिन्यांनी गाठ कातडीला चिकटली.

दौलताबादी
मास्तर, तुमच्या भावाच्या गोष्टीतच उत्तर आहे. गाठ सहा महिने वाढली ती सुई न टोचता. मानेच्या गाठीत बारीक सुईनं तपासणी करणं जगभर रोजचं काम आहे, त्यानं रोग पसरत नाही. ही गोष्ट शाळेत, पारावर, जिथे जमेल तिथे सांगा, तुमचं लोक ऐकतील.

तेरणामाई
एक विचारते. आमच्या मालकांच्या सगळ्या स्कॅनमध्ये मान स्वच्छ आली होती, तरी डॉक्टरांनी मानेचं ऑपरेशन केलं. मला तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. नंतर रिपोर्टमध्ये आतल्या एका बारीक गाठीत कॅन्सर निघाला.

दौलताबादी
ताई, त्या डॉक्टरांनी योग्य केलं. कोणताही स्कॅन चार पेशी पाहू शकत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधला अभ्यास २०१५ मध्ये आला, तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर, ज्यांच्या मानेत गाठ लागत नव्हती अशा रुग्णांवर. मूळ ऑपरेशनबरोबरच मान साफ केली, म्हणजे मानेतल्या गाठी काढल्या, त्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के लोक हयात होते, आणि गाठ दिसल्यावर मगच मान केली त्या गटात ६७.५ टक्के. म्हणून चित्र स्वच्छ असलं तरी सर्जन मानेचा आग्रह धरतात.

हिंगोली_आयटी
मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाव हिंगोली. आता एआय फोटोवरूनच गाठीचा सगळा स्वभाव सांगतं असं वाचलं. मग सुई-तुकडा यातून सुटका होईल ना?

दौलताबादी
त्याला रेडिओमिक्स म्हणतात. डोळ्याला न दिसणारा पोत आकड्यांत मोजायचा आणि त्यावरून गाठ कशी वागेल याचा अंदाज बांधायचा. २०१४ मध्ये फुफ्फुस आणि डोके-मानेच्या कॅन्सरच्या १०१९ रुग्णांच्या सीटीवरून ४४० वैशिष्ट्यं मोजणारा अभ्यास आला आणि सगळ्यांच्या आशा उंचावल्या. नंतर तपासताना कळलं की त्यातली काही वैशिष्ट्यं प्रत्यक्षात गाठीचं आकारमानच वेगळ्या नावानं मोजत होती. मशीन बदललं, चकतीची जाडी बदलली की आकडेही बदलतात. मला या विषयाबद्दल मनापासून आस्था आहे, लाईटला दाद न देणाऱ्या गाठी आधीच ओळखता आल्या तर किती रुग्णांचा त्रास वाचेल. पण आज उपचार तुकड्यावरच ठरतो. तुम्ही त्या क्षेत्रात असाल तर एक सांगतो. तुमचं सॉफ्टवेअर ज्या चित्रांवर शिकेल, त्यांत आपल्याकडची गाल-हिरडीची चित्रं असायला हवीत. पाश्चात्त्य देशांतल्या संग्रहांत एचपीव्ही विषाणूमुळे झालेले घशाचे कॅन्सर खूप असतात. त्यांच्या मानेच्या गाठी बऱ्याचदा पाण्यानं भरलेल्या दिसतात आणि ते उपचाराला चांगली साथ देतात. आपला तंबाखूचा कॅन्सर वेगळा वागतो.

सेलूची_लेक
मुंबईला जायची वेळ आली तर दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा लक्षात ठेवा, कॅन्सरच्या रुग्णांना आणि सोबतच्यांना तिथे आधार मिळतो. आणि महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र दवाखान्यातच बसलेला असतो. कोणता स्कॅन योजनेत बसतो ते पैसे भरायच्या आधी त्याला विचारा, नंतर नाही. आम्ही नंतर विचारलं होतं.

मांजराकाठ
पंधरा दिवसांनी लिहितोय, उशीर झाला.

सीटी परत काढला, या वेळी मोठ्या दवाखान्यात आणि योजनेतून. त्याआधी आठ दिवस आबा ओसरीवर बसून गाल फुगवायचा सराव करायचे, माझी चार वर्षांची पोरगी समोर बसून तसंच करायची. डावा गाल दुखतो तरी वीस सेकंद धरायचे. चित्रात गाल आणि हिरडीच्या मध्ये काळी पट्टी आली. सर्जननी मला संगणकावर दाखवली, मलासुद्धा कळलं. गाठ गालावरच आहे, ३ सेंमी, हिरडीवर चढलेली नाही.

एमआरआयमध्ये हाडाची मज्जा काढलेल्या दाढेच्या जागीच थोडी करडी आहे. दाढ काढल्याचं सांगितल्यावर रेडिओलॉजिस्टनी ती सूज धरली. खोली ८ मिमी. मागचे स्नायू मोकळे. जबड्याखालच्या गाठीत सुई टाकली, त्यात मात्र कॅन्सर निघाला. ते ऐकून आईनं तिथंच बाकावर बसकण मारली. छातीचा सीटी स्वच्छ आहे. पेट लागणार नाही म्हणाले.

आता ठरलंय ते असं. गालाची गाठ, जबड्याची फक्त वरची कड आणि मानेच्या गाठी काढायच्या. पायाचं हाड काढावं लागणार नाही. नंतर लाईट घ्यावी लागेल. आबांना हे सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "म्हंजी भाकरी खाता येईल का मला?" सर्जन म्हणाले, आधी दुधात कुस्करून, मग हळूहळू.

सोमवारी भरती आहे. तंबाखूची डबी आबांनी स्वतःच आईच्या हातात दिली. दोन्ही सीड्या, जुनी आणि नवी, कपाटात सात-बाराच्या फायलीत ठेवल्या आहेत.

क्ष_किरण_नांदेड
ऑपरेशननंतर तोंड उघडायचा व्यायाम ज्या दिवशी सांगतील त्या दिवसापासून करा, दुखतंय म्हणून सोडू नका. पोरीला परत समोर बसवा.